मूल, नोकरी आणि घरातला पगार: कोल्हापूरच्या बायका वारंवार विचारतात ते प्रश्न

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी नऊ वर्षं पगारपत्रकाचं काम केलं. मुलीच्या वेळी नोकरी गेली (कशी, ते प्रश्न ९ मध्ये आहे). चार वर्षांनी दुसरीकडे पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून उचगाव, कसबा बावडा, कागल, इचलकरंजी अशा सगळीकडच्या बायकांचे फोन येतात. गाव बदलतं, प्रश्न तेच असतात. म्हणून ते उत्तरांसकट इथे लिहून काढले.

१. बाळंतपणाची पगारी रजा नक्की किती? कुणी तीन महिने म्हणतं, कुणी सहा.

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, म्हणजे सहा महिने. दोन मुलं हयात असताना पुढचं मूल झालं तर १२ आठवडे. तीन महिन्यांचं जे ऐकू येतं ते जुनं आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात आधी १२ आठवडेच होते, २०१७ च्या दुरुस्तीने २६ झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, आठवडे मात्र तेच राहिले.

अट एवढीच, की डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. कारखान्याला हे लागू आहेच. दुकान किंवा ऑफिस असेल तर दहा माणसं कामाला हवीत.

आपल्याकडे एक घोळ नेहमी होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात डोहाळजेवण झालं की मुलगी गावी जाते. पण २६ पैकी जास्तीत जास्त आठ आठवडेच तारखेच्या आधी घेता येतात. त्याच्याही आधी निघायचं असेल तर ते दिवस शिल्लक रजेतून किंवा बिनपगारी जातील. निघण्यापूर्वी हे ऑफिसात लेखी ठरवून घ्या.

२. मी ठेकेदाराकडून कामाला आहे, कायम नाही. मला ही रजा मिळते का?

मिळते. कायद्यात कायम आणि हंगामी असा भेद नाही, ८० दिवसांची अट आहे. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या, म्हणजे रोजंदारीच्या बायकांना हा लाभ द्यावाच लागेल असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं. करार रजेच्या मधेच संपत असेल तरी लाभ पूर्ण द्यायचा, हा निकाल २०२३ चा. एका डॉक्टर बाईंनी तो लढून मिळवला.

कागद जपा. ठेकेदार बदलतो, कामाची जागा तीच राहते, आणि ८० दिवस सिद्ध करायची वेळ येते तेव्हा हजेरी कार्ड, पगाराची पावती, बँकेतली नोंदच उपयोगी पडते. रोखीने पगार घेणाऱ्या बाईची खरी अडचण इथे होते.

३. माझं ईएसआय कार्ड आहे. रजेचे पैसे मालक देणार की ईएसआय?

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, देणार. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो आणि मग मालकाने रजेचा पगार वेगळा द्यायचा नसतो. आठवडे तेवढेच, २६. अट वेगळी: आधीच्या दोन वर्गणी काळांत (एक काळ सहा महिन्यांचा) मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. मालक वर्गणी खरंच भरतोय का, हे गरोदर राहिल्यावर नव्हे, आधीच तपासा. पगारातून कापून घेतली म्हणजे भरली असं होत नाही.

४. पगार १४ हजार, पाळणाघर ४ हजार मागतंय. एवढ्यासाठी नोकरी करण्यात अर्थ आहे का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहिते.

घरात हिशेब बहुधा असा मांडतात. समजा मूळ पगार १४,०००. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,६८० आणि ईएसआयचे १०५ गेले. हातात १२,२१५. त्यातून पाळणाघर ४,०००, येण्याजाण्याचे १,२००. उरले ७,०१५. मग कुणीतरी म्हणतं, "सात हजारांसाठी पोराची आबाळ कशाला?" आणि विषय संपतो.

या हिशेबात पहिली चूक वजाबाकीच्या जागेची आहे. पाळणाघराचे पैसे आईच्या पगारातूनच का वजा होतात? मूल दोघांचं आहे. मूल कुठेतरी सुरक्षित असतं म्हणून बापही निर्धास्त कामावर जातो. घरभाडं, वीजबिल आपण एकाच्या पगारातून वजा करून त्याची नोकरी परवडते का, असं विचारत नाही. नवऱ्याच्या हातात २०,००० येत असतील तर दोघांचे मिळून ३२,२१५ होतात. पाळणाघर हा त्यातला साधारण आठवा हिस्सा.

दुसरी चूक, न दिसणारा पैसा धरायचा राहतो. तुमचे १,६८० आणि मालकाचे तितकेच, असे महिन्याला ३,३६० रुपये तुमच्या नावावर पडतात (मालकाच्या हिश्शातला मोठा भाग पेन्शनला जातो). वर्षाचे ४०,३२०. कापले गेले म्हणून ते गेले असं नाही. ईएसआयमुळे कुटुंबाच्या दवाखान्याची सोय होते, तीही नोकरीबरोबर जाते.

तिसरी चूक सर्वांत महाग. हिशेब आजच्या महिन्याचा होतो, पुढच्या वर्षांचा होत नाही. समजा दरवर्षी ७ टक्के वाढ मिळाली, तर पाच वर्षांनी १४,००० चे साधारण १९,६०० होतात. त्या पगारावर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम) सुमारे ५६ हजार. पाच वर्षं घरी थांबून परत येणारीला बहुतेक वेळा नवख्या मुलीचा पगार सांगतात, म्हणजे पुन्हा १४,०००, कधी त्याहून कमी. पाळणाघराची फी अडीच-तीन वर्षं भरावी लागते. पगारातला फरक पुढची वीस-पंचवीस वर्षं चालतो.

तरी सरसकट "नोकरी सोडू नका" असं मी सांगणार नाही. पगार सात हजार, पीएफ नाही, ईएसआय नाही, बारा तासांची पाळी, वाढ कधी होईल याचा पत्ता नाही, अशी नोकरी असेल तर वरची दुसरी आणि तिसरी बाजू शून्यच येते. तिथे ती सोडून दुसरी शोधणं शहाणपणाचं आहे. पण वहीत दोन्ही बाजू मांडून मग सोडा, आणि वही नवऱ्यासमोर उघडा.

५. आमच्या आत्याबाई (सासूबाई) म्हणतात, मी आहे की सांभाळायला. मग पाळणाघर कशाला?

सासूबाई सांभाळत असतील तर फार मोठा आधार आहे. कोल्हापुरात आज ज्या बायका नोकरीत टिकल्या आहेत, त्यातल्या कितीतरी सासूच्या किंवा आईच्या जिवावर टिकल्या आहेत. पण ही सोय फुकट आहे असं समजू नका. साठीतल्या बाईने दिवसभर रांगतं पोर उचलायचं म्हणजे गुडघे, कंबर जातात. तिचं शेत, म्हैस, भिशी, देवाला जाणं सगळं थांबतं.

माझं मत स्पष्ट आहे: दर महिन्याला त्यांच्या हातात ठरावीक रक्कम द्या. पाळणाघराला दिली असती त्याच्या निम्मी का होईना. शिवाय आत्याबाई आजारी पडल्या तर काय, याची दुसरी सोय आधीच बघून ठेवा. पहिल्या तापात बायकांच्या नोकऱ्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

६. कारखान्यात पाळणाघर पाहिजे असा नियम आहे ना? आमचे साहेब म्हणतात, तीस बायका असतील तरच.

साहेब जुना नियम सांगतायत. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसहून अधिक महिला कामगार असतील तर पाळणाघर असं होतं. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ते बदललं: ५० किंवा अधिक कर्मचारी असले की पाळणाघर हवं, आणि त्यात पुरुषही मोजायचे. फाउंड्रीत बायका मोजक्याच असतात, पण एकूण माणसं पन्नासच्या वर सहज जातात. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभाही द्यावी लागते, विश्रांतीची वेळ धरून. नवी संहिताही हेच म्हणते आणि अनेक कंपन्यांनी मिळून एक पाळणाघर चालवायला परवानगी देते.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या तिन्ही वसाहतींत हे सहज जमण्यासारखं आहे. शेजारच्या चार कारखान्यांतल्या बायकांनी मिळून एकच अर्ज दिला तर एकीवर डूख धरला जात नाही.

७. अंगणवाडी आहे की जवळ. तिथे ठेवून कामाला जाता येईल का?

पूर्ण दिवसासाठी नाही. अंगणवाडी १९७५ पासून चालत आली आहे ती पोषण, लसीकरण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पूर्वशिक्षणासाठी, दिवसातले काही तास. आठ तासांची पाळी त्यात बसत नाही आणि तीन वर्षांखालचं मूल तिथे दिवसभर राहत नाही. केंद्र सरकारच्या पालना योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर करता येतं, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. तुमच्या भागात ते सुरू आहे का, हे अंगणवाडी सेविकेला किंवा पर्यवेक्षिकेला विचारा. नसेल तर ग्रामसभेत मागणी लिहून घ्या.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा शाळेच्या वयाचं मूल ही राज्याचीही जबाबदारी झाली. त्याहून लहान मूल मात्र शंभर वर्षांनंतरही एकट्या आईच्या पदरात आहे. हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या फडांत ऊसतोडीला येणाऱ्या बायकांची तान्ही मुलं सरीत कापड टाकून निजवलेली दिसतात. मला ते बघवत नाही.

८. मूल झाल्यावर बायकांची कमाई खरंच कमी होते, की आम्हालाच तसं वाटतं?

खरंच होते, आणि ती मोजलेली आहे. डेन्मार्कमधला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिलं मूल होईपर्यंत स्त्री आणि पुरुष यांची कमाई जवळजवळ बरोबरीने चालते. मूल झालं की स्त्रीची घसरते आणि पुढे अनेक वर्षांनीही साधारण २० टक्के मागेच राहते. पुरुषाच्या कमाईवर ओरखडाही उठत नाही. तिथे पाळणाघरांची सोय उत्तम असून ही गत आहे. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या कामाचा आणि कमाईचा असाच अभ्यास केल्याबद्दल. त्यांचं एक म्हणणं मला रोज पटतं: जी नोकरी कधीही, कितीही वेळ थांबायला तयार असणाऱ्याला जास्त पैसे देते, तिथे आई मागे पडते. राजारामपुरीतलं शोरूम रात्री नऊला बंद होतं. इन्सेंटिव्ह संध्याकाळच्या गर्दीत मिळतो आणि नेमकी तेव्हा पाळणाघर बंद व्हायची वेळ असते.

आपल्या देशातले आकडे बघा. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या, १५ वर्षांवरच्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झालं. मात्र या वाढीतला मोठा वाटा घरच्या शेतात, घरच्या धंद्यात राबणाऱ्या बायकांचा आहे. काम वाढलं. हातात पैसा त्या मानाने आला नाही.

९. दिवस गेल्याचं सांगितलं तर राजीनामा द्या म्हणाले. काय करू?

सही करू नका.

माझ्या बाबतीत हेच झालं. पाचव्या महिन्यात बोलावून टाइप केलेला कागद पुढे ठेवला. कारण "वैयक्तिक" असं आधीच छापलेलं. "बाळ मोठं झालं की परत घेतोच की तुम्हाला, ताई," असं गोड बोलले. रजेचा नियम मला तोंडपाठ होता, इतरांच्या रजेचे हिशेब मीच करत होते. तरी सही केली, कारण खोलीत चार पुरुष होते आणि मी एकटी होते. चार वर्षांची कमाई त्या एका सहीत गेली. परत कुणी बोलावलं नाही.

म्हणून सांगते: "घरी विचारून सांगते" म्हणा आणि उठा. त्याच दिवशी रजेचा अर्ज डॉक्टरांच्या दाखल्यासह लेखी द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. बाळंतपणाच्या रजेवर असताना कामावरून काढणं किंवा अटी तिच्या तोट्याच्या करणं बेकायदा आहे. गरोदर असताना काढलं तरी रजेचा लाभ बुडत नाही. तक्रार करायची मुदत ६० दिवस आहे, सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आधी जा. सव्वा महिना, बारसं, सगळं उरकून मग बघू म्हटलं तर ते दिवस निघून जातात.

१०. नोकरी सोडली. पीएफ काढून घेऊ का?

अगदीच नड नसेल तर नको. पेन्शनला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते आणि ती सलग असावी लागत नाही. सहा वर्षं आत्ता आणि चार नंतर अशी जोडता येते, पण मधे पैसे काढले तर आधीची सहा पुसली जातात. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढले तर करही लागू शकतो. खात्यावर व्याज येत राहतं. यूएएन नंबर (पीएफचा तुमचा कायमचा नंबर), त्याला जोडलेला मोबाइल आणि बँक खातं मात्र चालू ठेवा. सासरी आल्यावर सिम बदललं आणि खातं अडकलं, असे फोन मला दर महिन्याला येतात.

११. घरबसल्या काम घेतलं तर मूलही सांभाळून होईल ना?

होतं, पण किती महागात पडतं ते बघा. हुपरीत चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडणं, कोल्हापुरी चपलांच्या वेण्या घालणं, इचलकरंजीत कांड्या भरणं, कपड्यांना काजं-बटणं: पिढ्यान्‌पिढ्या बायका हेच करत आल्या. नगावर पैसे मिळतात. मूल रडलं, उठलात, की नग कमी. पीएफ नाही, ईएसआय नाही, प्रश्न १ मधली रजा नाही. दिवे, जागा, पाठदुखी तुमची. मूल झोपल्यावर रात्री अकरापर्यंत बसणाऱ्या बायका मी ओळखते. दिवसाचे तास मोजले तर त्यांचा ताशी दर कारखान्यातल्या हेल्परपेक्षा कमी पडतो.

काम घ्याच, पण नग आणि तास दोन्ही वहीत लिहा. महिन्याने भागाकार करा.

दुधाचंही तेच. म्हशीचं शेण काढण्यापासून धारेपर्यंत सगळं बाई करते, दर दहा दिवसांचं बिल मात्र नवऱ्याच्या किंवा मामंजींच्या नावावर. डेअरीत सभासद म्हणून स्वतःचं नाव लावून घ्या. बिल तुमच्या खात्यात आलं तर ती तुमची कमाई म्हणून दिसते, बँक कर्ज देताना ती बघते.

१२. नवऱ्याला रजा मिळते का?

केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस. खासगी नोकरीत तसा कायदाच नाही. बालसंगोपन रजा केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषांना संपूर्ण नोकरीत ७३० दिवस आहे, राज्याच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवस.

रजा नसली तरी पाळी बदलून घेता येते. पहिली पाळी करणारा बाप चारला घरी येतो. संध्याकाळचं पोर त्याने सांभाळलं तर प्रश्न ८ मधल्या शोरूमच्या बाईची नोकरी टिकते.

१३. पाच वर्षांचा गॅप पडला. मुलाखतीत काय सांगू?

खरं सांगा आणि थोडक्यात सांगा: "मूल लहान होतं, आता शाळेत जातं, सांभाळायची सोय अशी आहे." माफी मागू नका. जायच्या आधी हात चालू करा. हिशेबाचं काम असेल तर टॅली आणि जीएसटीत काय बदललं ते शिका, शिलाई असेल तर पॉवर मशिनवर आठवडाभर बसा. जुना पगार विचारला तर आज त्या कामाला बाजारात काय मिळतं तो आकडा सांगा.

१४. दोघांचं मिळून उत्पन्न वाढलं तर लाडकी बहीणचे पैसे बंद होतील. नोकरी सोडू का?

अजिबात नको. योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, त्यामुळे दोघं कमावत असतील तर लाभ जाऊ शकतो, हे खरं. पण दीड हजाराप्रमाणे वर्षाचे १८,००० होतात. प्रश्न ४ मधल्या बाईच्या हातात वर्षाला १,४६,५८० येतात, पीएफ वेगळा. उत्पन्न लपवूनही अर्ज भरू नका.

मातृवंदना योजना वेगळी आहे: पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. सरकारी नोकरीत असलेल्या किंवा कायद्याने तसाच मातृत्व लाभ घेणाऱ्या बाईला ती मिळत नाही. प्रश्न ११ मधल्या बायकांनी मात्र नाव नोंदवायलाच हवं.

१५. मी घरीच असते. माझ्या कामाला काही किंमत कुठे धरतात का?

कोर्टात धरतात. अपघातात गृहिणी गेली तर भरपाई ठरवताना तिच्या घरकामाचं अंदाजे उत्पन्न धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या निकालात ठामपणे सांगितलं. बाई गेल्यावर धरायची ती किंमत ती असताना घरात कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

१६. नवऱ्याला पहिल्या बायकोची दोन मुलं आहेत. हे माझं पहिलंच. ऑफिस म्हणतं, तिसरं धरू.

असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. चंदीगडच्या सरकारी रुग्णालयातल्या एका परिचारिकेने सावत्र मुलांसाठी बालसंगोपन रजा घेतली होती, म्हणून तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळाची रजा नाकारली गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. अर्जासोबत त्या निकालाचा उल्लेख करा.

१७. बाळ पोटातच गेलं. रजा मागावी की नाही कळत नाही.

मागा. गर्भपात झाला तर त्या दिवसापासून सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, दाखला लागतो. गर्भारपणाचे २६ आठवडे उलटल्यानंतर बाळ मृत जन्मलं तर कायद्याच्या दृष्टीने ते बाळंतपणच असतं आणि प्रश्न १ मधली पूर्ण रजा लागू होते. "बाळ नाही तर रजा कशाची" असं ऑफिसात एखादा बोलेल. त्याच्याशी वाद घालायला तुम्ही स्वतः जाऊ नका. अर्ज आणि दाखला नवऱ्याच्या किंवा भावाच्या हाती पाठवा आणि पोच घेऊन यायला सांगा.